गंजी जाळणाऱ्यासाठी नवा कायदा कशाला?

काढून शेतात रचलेले पीक, चाळीत साठवलेला कांदा, मळणीयंत्र, ठिबकच्या नळ्या, विहिरीवरची मोटार यांची जाणूनबुजून नासधूस करणे हा भारतात १८६२ पासून, म्हणजे दंड संहिता लागू झाल्यापासून, फौजदारी गुन्हा आहे. तरीही ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठवाड्यातून आणि विदर्भातून सोयाबीनच्या गंजी पेटवल्याच्या बातम्या येऊ लागल्या की एक मागणी ठरल्यासारखी पुढे येते. शेतमालाच्या घातपातासाठी स्वतंत्र कायदा करावा, त्यात दहा-पंधरा वर्षांची सक्तमजुरी ठेवावी आणि गुन्हा अजामीनपात्र करावा, असे निवेदनांत लिहिलेले असते. मागणीमागचा संताप खरा आहे. पेरणीपासून कापणीपर्यंतचा सगळा खर्च करून झालेला असतो, मजुरी चुकती झालेली असते, उधारी मात्र माल विकून फेडायची असते. नेमक्या त्या टप्प्यावर कोणी काडी लावतो. दुखणे खरे असले तरी त्यावर सुचवलेले औषध मात्र भलतेच आहे.

मागणी करणारे पहिली गोष्ट सांगतात ती अशी, की शेतमालाच्या नासधुशीबद्दल कायद्यात काही नाही. हे खरे नाही. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला ‘आगळीक’ म्हणतात. बोलीत हा शब्द इतका सौम्य झाला आहे की त्यातून तुरुंगवास सुचत नाही, हे मान्य करावे लागेल. पण व्याख्या सौम्य नाही. दुसऱ्याचे गैरवाजवी नुकसान व्हावे या इराद्याने, किंवा ते होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, एखादी मालमत्ता नष्ट करणे, अथवा तिचे मूल्य किंवा उपयोग कमी होईल असा बदल तिच्यात घडवणे म्हणजे आगळीक. दुसऱ्याच्या पिकात मुद्दाम गुरे घालणे हे उदाहरण जुन्या संहितेच्या कलम ४२५ खाली दिलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खालीही ते आहे. कांद्याच्या चाळीत रात्री युरिया फेकणे, गंजीवर पाणी सोडणे, हार्वेस्टरची पाती तुटावीत म्हणून उभ्या पिकात लोखंडी सळया रोवून ठेवणे, हे सगळे या व्याख्येत विनासायास बसते. सामाईक मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या हिस्सेदारालाही हे कलम लागू होते, असे स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. त्यामुळे ‘जमीन सामाईक आहे, भावाभावांचे भांडण आहे, ही दिवाणी बाब आहे’ हे ठाण्यात नेहमी ऐकू येणारे उत्तर कायद्याला धरून नाही. वाटणीचा दावा दिवाणी असतो. सामाईक शेतातला माल पेटवून देणे दिवाणी नसते.

आगीच्या बाबतीत तर कायद्याने शेतमालाला निराळे स्थान दिलेले आहे, आणि तेही फार पूर्वीपासून. जुन्या संहितेच्या कलम ४३५ मध्ये आग लावून शंभर रुपयांचे नुकसान केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. १८८२ च्या दुरुस्तीने त्यात शेतमालासाठी ही मर्यादा दहा रुपयांवर आणली. इतर मालाचे शंभर आणि शेतमालाचे दहा, असा फरक इंग्रजी सरकारने केला. त्याच्या सात वर्षे आधी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्धचे दंगे सुरू झाले होते आणि त्यांत कर्जरोख्यांबरोबर गंजीही पेटल्या होत्या. रचलेला माल पेटवला की गावाचा कणा कुठे दुखतो, हे त्या काळच्या दप्तराला नवे नव्हते. नव्या संहितेच्या कलम ३२६ च्या ‘एफ’ खंडाने रकमेची अटच काढून टाकली. ‘शेतमालासह कोणतीही मालमत्ता’ असे तिथे शब्द आहेत. एक पेंढी जाळली तरी कलम लागते, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि गुन्हा दखलपात्र. आग लावलेली जागा मालमत्ता ठेवण्यासाठी नेहमी वापरली जाणारी इमारत असेल, म्हणजे धान्याचे कोठार किंवा गोदाम असेल, तर पुढचा ‘जी’ खंड लागतो. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास किंवा जन्मठेप आहे. निवेदनात मागितलेली शिक्षा अशा वेळी पुस्तकात आधीच लिहिलेली असते.

पाण्याच्या साधनांबाबतही असेच आहे. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असे कृत्य करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारा ‘ए’ खंड याच कलमात आहे. जुन्या संहितेत तो कलम ४३० म्हणून होता. मोटारीची केबल कापली, ठिबकच्या नळ्या कोयत्याने तोडल्या, पाइपलाइन फोडली, तर शेतीचे पाणी कमी होते की नाही हा प्रश्न विचारण्यासारखाही नाही. या खंडालाही रकमेची मर्यादा नाही आणि हा गुन्हाही दखलपात्र आहे. असे असताना केबल कापल्याची तक्रार ‘किरकोळ नुकसान’ म्हणून अदखलपात्र नोंदवहीत जाते तेव्हा संहितेत कलम नसते असे नाही. कलम शोधलेले नसते.

दुसरा मुद्दा वचकाचा. शिक्षा जबर केली की हात थरथरतील, असे गृहीत धरले जाते. याची परीक्षा एका देशाने पुरेपूर घेऊन पाहिलेली आहे. इंग्लंडमध्ये १८२७ च्या कायद्याने धान्याची गंजी पेटवण्याला फाशी होती आणि मळणीयंत्र मोडण्याला सात वर्षांपर्यंत हद्दपारी. हे कायदे अमलात असतानाच २८ ऑगस्ट १८३० च्या रात्री केंट परगण्यातल्या लोअर हार्ड्रेस या गावी शेतमजुरांनी एक मळणीयंत्र फोडले. हाताने मळणी करणे हे त्या मजुरांचे हिवाळ्यातले काम होते, आणि यंत्राने नेमके तेच काढून घेतले होते. पुढच्या काही महिन्यांत दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात मिळून ३८७ मळणीयंत्रे मोडली गेली आणि गंजींना आगी लागत राहिल्या. शेतकऱ्यांना ‘कॅप्टन स्विंग’ या बनावट नावाने धमकीची पत्रे येत, म्हणून या उठावाला तेच नाव पडले.

सरकारने खास न्यायमंडळे नेमली. एरिक हॉब्सबॉम आणि जॉर्ज रुडे या इतिहासकारांनी ३४ परगण्यांतली दप्तरे तपासून जी मोजदाद केली तीनुसार १,९७६ जणांवर खटले चालले, २५२ जणांना मृत्युदंड सुनावला गेला, त्यांपैकी १९ जणांना प्रत्यक्ष फासावर चढवले, ५०५ जणांना हद्दपारी झाली आणि ६४४ जण तुरुंगात गेले. कडक कायद्याचे समर्थक या आकड्यांवर बोट ठेवून म्हणू शकतात, की यंत्रे मोडणे त्यानंतर थांबले. थांबले हे खरे. केंटमधल्या पहिल्या आरोपींना न्यायाधीशांनी जेमतेम तीन दिवसांची कैद दिली होती आणि त्यानंतर लोण पसरले, हेही त्यांच्या बाजूने मांडता येईल. पण आगी थांबल्या नाहीत. १८४३-४४ मध्ये नॉरफक आणि सफकमध्ये गंजी पुन्हा धडाधड पेटल्या. एकाच उठावातल्या दोन गुन्ह्यांचा शेवट असा वेगळा का झाला, हे पाहिले की वचकाचा सगळा युक्तिवाद ढिला पडतो. यंत्रे मोडायला जमाव लागे, ते काम अनेकदा भरदिवसा होई, चेहरे ओळखीचे असत. म्हणून माणसे शेकड्यांनी सापडली. गंजीला एकटा माणूस, अंधारी रात्र आणि एक काडी पुरत होती. घासून पेटणारी काडी १८२७ पासून बाजारात आलेलीच होती. जास्त शिक्षेचा गुन्हा कमी सापडला आणि कमी शिक्षेचा जास्त सापडला. फाशीची तरतूद असूनही जे साधले नाही ते दहाऐवजी पंधरा वर्षे लिहिल्याने साधेल, असे मानायला काही आधार नाही. इंग्लंडने १८३७ मध्ये गंजी जाळण्याची फाशी रद्दही केली. त्याच वर्षी मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा सादर केला. त्यातून पुढे झालेल्या १८६० च्या संहितेत गंजीसाठी फाशी कधीच नव्हती.

खास कायद्याची दुसरी खोड अमेरिकेत दिसली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गव्हाच्या हंगामात फिरणाऱ्या मजुरांत ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेचा जोर होता, आणि तिचे लोक यंत्रे बिघडवतात, गंजी पेटवतात अशी हाकाटी होती. अनेक राज्यांनी घातपाताचा पुरस्कार करण्यालाच गुन्हा ठरवणारे कायदे केले. कॅन्ससने तो १९२० मध्ये केला. त्याखाली संघटनेच्या एका प्रचारकाला शिक्षा झाली. पुरावा काय, तर संघटनेच्या घटनेची प्रस्तावना. जळालेली गंजी नाही, मोडलेले यंत्र नाही. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. घातपात करणारा सापडत नाही तेव्हा खास कायदा सापडेल त्याच्या मानेवर बसतो.

हा धोका महाराष्ट्राच्या खेड्यात अधिक आहे, कमी नाही. गंजी जळाली की फिर्यादीत जे नाव येते ते बहुधा बांधाला बांध असलेल्याचे, वाटणीवरून बिनसलेल्या चुलतभावाचे किंवा निवडणुकीत पडलेल्या पॅनेलमधल्या कोणाचे असते. अनेकदा संशय खराही असतो. पण प्रत्येक आग लावलेली नसते. लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांची ठिणगी पडते. शेजारच्या बांधावरचे गवत पेटवताना वारा फिरतो. ओला माल दाबून रचला की गंजी आतून तापते. अशा गुन्ह्यात अटक आपोआप आणि जामीन अवघड करून ठेवला, तर बांधाचा वाद मिटवण्याचे एक नवे हत्यार गावाला मिळेल. परतीच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनची स्वतःच धुमसलेली सुडी आणि त्यापायी तीन महिने तुरुंगात बसलेला शेजारी, हे चित्र अतिशयोक्त वाटेल त्याने तालुक्याच्या न्यायालयात एक दिवस बसून बांधाच्या भांडणातल्या परस्परविरोधी फिर्यादी ऐकाव्यात.

राज्याचा स्वतंत्र कायदा ही वाटही सरळ नाही. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. केंद्राच्या संहितेशी विसंगत तरतूद करायची तर राष्ट्रपतींची संमती लागते. महिलांवरील अत्याचारांसाठी कठोर शिक्षा सांगणारे शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले, पण त्याला ती संमती मिळाली नाही. गंजीचे विधेयक त्याहून लवकर मार्गी लागेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

मग कायद्यात काहीच खोट नाही काय? आहे, आणि ती आजवरच्या निवेदनांत फारशी आलेली नाही. ती शिक्षेच्या वर्षांत नसून रुपयांच्या पायऱ्यांत आहे. आगीशिवाय केलेल्या आगळीकीला नव्या संहितेने रकमेनुसार पायऱ्या पाडल्या. वीस हजारांच्या आतले नुकसान असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद. वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत. लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत. जुन्या कलम ४२७ मध्ये पन्नास रुपयांपासूनच दोन वर्षे होती. म्हणजे पंधरा हजारांच्या नुकसानीला पूर्वी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, आता जास्तीत जास्त सहा महिने. त्याहून महत्त्वाचे असे, की लाखाच्या खालच्या दोन्ही पायऱ्या अदखलपात्र आहेत. तिथे पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. दोन एकरांत एकरी आठ क्विंटल धरले तर सोळा क्विंटल सोयाबीन होते. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. किंमत झाली ८५,२४८ रुपये. या मालावर कोणी रात्री पाइप लावून पाणी सोडले आणि तो कुजवला, तर वर्षाचे उत्पन्न गेले तरी गुन्हा अदखलपात्र. शेजारच्या दहा एकरवाल्याचे वीस क्विंटल त्याच पद्धतीने भिजवले, तर नुकसान १,०६,५६० रुपये, म्हणून गुन्हा दखलपात्र, आणि फौजदार दुसऱ्या दिवशी बांधावर. पहिल्याचे सगळे गेले, दुसऱ्याचे थोडे गेले, आणि तपास मात्र दुसऱ्याचा. व्यापारी मालासाठी रकमेची पायरी चालून जाईल. दोन एकरवाल्याला ती उलटी लागते. आग वापरली तर रक्कम पाहायची नाही आणि युरिया वापरला तर पाहायची, यालाही काही तर्क नाही. चाळीत टाकलेला युरिया हवेतला ओलावा ओढतो, कांदा घामेजतो आणि खालच्या थरापासून सडत येतो. वास येईपर्यंत मालकाला कळतही नाही. तोवर टाकणाऱ्याच्या पावलांच्या खुणाही उरलेल्या नसतात. तपास लवकर सुरू व्हायला हवा तो याच प्रकारात, आणि कायदा थांबायला सांगतो तोही याच प्रकारात.

दुसरी खोट कायद्याबाहेरची आहे: पंचनामा. जळालेल्या गंजीच्या पंचनाम्यात बहुतेक वेळा ‘अंदाजे अमुक क्विंटल सोयाबीन जळून खाक’ एवढे एक वाक्य असते. पंच दोन, त्यांपैकी एक मालकाचा नातेवाईक. प्रत्यक्षात राखेच्या ढिगात सांगण्यासारखे बरेच असते. गंजी वरून पेटली असेल तर तळाच्या शेंगा नुसत्या भाजून उरतात; खालून, चहूबाजूंनी पेटवली असेल तर कडेची जमीन एकसारखी काळी पडते. डिझेल किंवा पेट्रोल शिंपडले असेल तर त्याचा अंश राखेपेक्षा गंजीच्या कडेच्या मातीत जास्त टिकतो. ती माती हवाबंद डब्यात भरावी लागते. साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वास उडून जातो आणि प्रयोगशाळेत काही निघत नाही. कलिना, नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळा आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ ने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ पाठवणे बंधनकारक केले असून त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. सात वर्षांची शिक्षा असलेली गंजीची आग त्यात यायला हवी. हे कलम गंजीसाठी वापरा, अशी मागणी एखाद्या मोर्चाने केली तर ती नव्या कायद्याच्या घोषणेपेक्षा जास्त उपयोगाची ठरेल.

किंमत सिद्ध करायची साधनेही हाताशी असतात. सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणीची नोंद, बियाण्याची आणि खताची पावती, कापणीच्या गुत्त्याचा हिशेब, त्याच शिवारात त्याच आठवड्यात ज्याने मळणी केली त्या हडंबावाल्याकडची पोत्यांची संख्या. मळणीयंत्राच्या वा हार्वेस्टरच्या बाबतीत दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि काढून ठेवलेला तुटका भाग हे दोन्ही लागतात. मालक हंगाम बुडू नये म्हणून लगेच नवा भाग बसवून घेतो आणि तुटका भंगारात देतो, तिथे खटल्याचा पुरावा संपतो. यात मालकाचा दोष म्हणावा तर मशीन उभे ठेवून रोजचे भाडे बुडवणेही त्याला परवडत नाही. म्हणून पंचनामा दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी व्हावा लागतो.

तिसरी गोष्ट भरपाईची. जन्मठेप झाली तरी शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन परत येत नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या केंद्रीय नियमांत कापणीनंतर शेतात पसरून ठेवलेल्या मालाला चौदा दिवसांपर्यंत संरक्षणाची तरतूद आहे, पण ती गारपीट, चक्रीवादळ, अवकाळी पाऊस अशा कारणांपुरती. द्वेषबुद्धीने केलेले नुकसान योजनेतून स्पष्टपणे वगळलेले आहे. माल कशाने गेला, यावर शेतकऱ्याचे कर्ज फिटणे अवलंबून राहते, आणि कोणी जाळला असे ठरले तर दार बंद. न्यायालय शिक्षा देताना आरोपीला भरपाई देण्याचा आदेश करू शकते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये तो अधिकार आहे. पण त्यासाठी आधी खटला उभा राहावा लागतो, आणि उभा राहिलेला खटला सिद्ध व्हावा लागतो.

तेव्हा मागायचेच असेल तर दोन बदल मागावेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत, शेतमाल आणि शेतीची अवजारे यांच्याबाबतची आगळीक रक्कम न पाहता दखलपात्र करावी. शिक्षेला हात लावण्याची गरज नाही. आणि विम्याच्या वगळलेल्या कारणांतून, पोलिसांनी गुन्हा नोंदवला असेल तेव्हा, द्वेषबुद्धीने केलेले नुकसान काढावे. आगीच्या आणि पाण्याच्या प्रकरणांत तर एवढ्याचीही वाट पाहावी लागत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ललिताकुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलेले आहे. ठाण्यात नकार मिळाला तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. बाकी, अनुसूची बदलत नाही तोवर, सोळा क्विंटल भिजलेल्या शेतकऱ्याला ठाण्यातून एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची, प्रत मिळते आणि तपासाच्या आदेशासाठी तालुक्याच्या न्यायालयात अर्ज त्यालाच करावा लागतो.